एकेरी विटेची भिंत

लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या घरापासून चार पावलांवर, शेजारणीच्या कुंपणाला चिकटून, एक गॅरेज होतं. एकेरी विटेच्या भिंती, वर सपाट छप्पर, खाली उघडं काँक्रीट आणि पुढे वर उचलून उघडायचं पत्र्याचं दार. खिडकी नव्हती. इथल्या बहुतेक गॅरेजांसारखं तेही गाडी सोडून बाकी सगळ्यासाठी वापरात होतं. गाडी रस्त्यावर उभी असायची आणि गॅरेजमध्ये रंगाचे अर्धे डबे, लॉनमोवर आणि भारतातून येताना आणलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला. जन्मभर त्यांनी साताऱ्याच्या टेक्निकल हायस्कूलमध्ये सुतारकाम शिकवलं होतं. विमानतळावर त्यांची बॅग उचलली तेव्हा माझा हात खाली ओढला गेला. आत कपडे तीन जोड आणि बाकी रंधे, पटाश्या, गुण्या आणि दोन हातोडे.

पहिले पंधरा दिवस ते दिवाणखान्यात बसून राहिले. मी हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर, बायको हॅरोला लायब्ररीत नोकरी करणारी. दोघंही सकाळी बाहेर पडायचो. सोळाव्या दिवशी मी घरी आलो तर ट्रंका एकावर एक रचलेल्या, गॅरेज झाडून लख्ख, आणि मधोमध जुन्या दाराच्या फळीचं एक टेबल उभं.

"ही जागा मला देऊन टाक," अण्णा म्हणाले. "तुमच्या घरात मी कुठं बसू तेच कळत नाही. इथं कळतं."

मग ते रोज सकाळी साडेदहाला चहा घेऊन गॅरेजमध्ये जायचे. पाट, चौरंग, छोटे देव्हारे. गणपतीच्या आधी एजवेअरपासून स्लाऊपर्यंतची मराठी मंडळी येऊन घेऊन जायची. शेजारच्या बाईंनाही त्यांनी एक पाट दिला. त्या साठीच्या, एकट्या राहणाऱ्या इंग्रज बाई. बसायला पाट ही कल्पना काही त्यांच्या पचनी पडली नाही. त्यांनी त्यावर जिरेनियमच्या कुंड्या ठेवल्या. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. "शोभतंय की," म्हणाले.

बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजच्या भिंतीपासून हातभर अंतरावर होती. अण्णांचं ठोकणं त्यांना दिवसभर ऐकू येत असणार. पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. कुंपणावरून म्हणायच्या, "तुमचे वडील फार बिझी माणूस आहेत."

थंडी सुरू झाली आणि गॅरेज बर्फाच्या पेटीसारखं झालं. तिथे विजेचा एक दिवा तेवढा होता, प्लग नव्हता, म्हणून मी अण्णांना रॉकेलचा हीटर आणून दिला, पण भूल देणाऱ्या माणसाला धुराची जी धास्ती असते ती मला होती. म्हणून बजावलं, "दार बंद असताना हा पेटवायचा नाही. अजिबात नाही." आणि दार उघडं ठेवलं की हीटरचा उपयोग शून्य. तेव्हा ते स्वेटरवर स्वेटर चढवून, कानटोपी घालून, दार लावून काम करायचे. रात्री जेवताना वहीत काहीतरी आखत बसायचे. गॅरेजला आतून लाकडी पट्ट्या मारायच्या, त्यांच्यामध्ये ऊब धरून ठेवणारी काचतंतूंची ग्लासवूल भरायची, वर बोर्ड ठोकायचे. मोजमापं घेऊन झाली होती. मी म्हणायचो, "उन्हाळ्यात करू, अण्णा."

ऑक्टोबरात एकदा त्यांनी सांगितलं होतं, "दाराची आतली कडी खिळखिळी झालीये. मी वायर बांधून ओढतो. नवी कुठं मिळते का बघ."

"रविवारी बघू," मी म्हणालो.

त्या वाक्यानंतर किती रविवार गेले ते मी नंतर कॅलेंडर घेऊन मोजले आहेत. तो आकडा मी कुणाला सांगितलेला नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी जेवायला घरात येण्यासाठी अण्णांनी वायर ओढली आणि ती तुटली. कडी हलेना. रंध्याने घाम येतो म्हणून ओव्हरकोट त्यांनी घरातच ठेवला होता. पटाशी घालून त्यांनी कडी उचकटायचा प्रयत्न केला, तेव्हा ती आणखी वाकून जाम झाली.

बायको पावणेपाचला घरी आली. अंधार पडला होता, घरात दिवा नव्हता. ती गॅरेजकडे गेली आणि तिने बाहेरची मूठ फिरवली. दार लगेच वर गेलं. बाहेरच्या मुठीचा आतल्या कडीशी संबंध नव्हता; बाहेरून ते एका हाताने उघडत असे.

अण्णा ट्रंकेला टेकून बसले होते. हीटर रॉकेलने भरलेला, शेजारी काड्यापेटी, आणि हीटर पेटवलेला नव्हता. त्यांनी तिला ओळखलं, पण शब्द जुळत नव्हते. तिने मला थिएटरमध्ये फोन लावला तेव्हा मी कुणाची तरी भूल उतरवत होतो.

चौथ्या दिवशी त्यांना नीट बोलता आलं. माझ्याच हॉस्पिटलमध्ये, खिडकीजवळच्या खाटेवर. मी त्यांच्या पायांवरचं ब्लँकेट सारखं करत विचारलं, "हीटर का नाही लावलात, अण्णा?"

"दार बंद असताना लावायचा नाही, असं तूच म्हणाला होतास ना?"

त्यात टोमणा नव्हता. विद्यार्थ्याला नियम समजावून सांगावा तसे ते बोलले.

"ठोकायचं तरी."

"ठोकलं की. पुष्कळ वेळ ठोकलं."

"मग शेजारच्या बाई? त्या घरीच असतात."

"त्यांना काय कळणार? मी रोजच ठोकतो." ते जरा थांबले, दम घेतला. "मग मी काय केलं, तीन-तीन ठोके द्यायला लागलो. तीन ठोके, मग थांबायचं. पुन्हा तीन. काम करणारा माणूस असं मोजून ठोकत नाही. म्हटलं, कुणाच्या तरी लक्षात येईल."

 त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्यांना सांगू नकोस हं. चांगली बाई आहे. उगाच मनाला लावून घेईल."

नवव्या दिवशी निमोनियाने ते गेले.

शेजारच्या बाई अंत्यविधीला आल्या. काळा कोट, हातात फुलं. त्यांनी बायकोला मिठी मारली, मला फक्त मान लववली. त्यानंतर त्या कुंपणाशी दिसेनाशा झाल्या. मी मागच्या अंगणात गेलो की त्यांचं मागचं दार बंद व्हायचं. मला बरंच वाटायचं. त्यांच्याशी बोलताना तोंडातून काय निघेल याची मला खात्री नव्हती.

ठोके मला फेब्रुवारीपासून ऐकू यायला लागले.

आधी वाटलं, पाइप गरम होताना वाजतात तसे आहेत. इथल्या जुन्या घरांमधून सेंट्रल हीटिंग सुरू झालं की टकटक होतेच. पण ते उन्हाळ्यातही आले. दाढी करताना, गाडी सिग्नलला उभी असताना. तीन, मग थांबणं. मी थांबण्याच्या त्या जागेत श्वास रोखून राहायचो, आणि पुन्हा तीन.

हॉस्पिटलमध्ये तर सुटकाच नव्हती. गुरुवारी माझ्याकडे हाडांच्या ऑपरेशनची लिस्ट असायची. खुब्याचा नवा सांधा मांडीच्या हाडात बसवताना सर्जन खरोखर हातोडी चालवतो. मी पडद्याच्या अलीकडे, पेशंटच्या डोक्याशी, श्वास मोजत बसलेलो. पलीकडून दोन-तीन ठोके पडायचे, सर्जन थांबून बघायचा, पुन्हा ठोके. एका गुरुवारी मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "कुणीतरी दार उघडा." थिएटरमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिस्टरने खरंच जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी लिस्ट बदलून मागितली. कारण विचारलं तेव्हा पाठ दुखते म्हणालो.

बायको मला म्हणाली, "आपण ते गॅरेज पाडून टाकू या. नाहीतर घर विकू."

"नाही," मी म्हणालो. "अण्णांनी सांगितलं होतं तसं करायचं."

"आता?" तिने विचारलं. एवढंच. 

अण्णांची वही ट्रंकेत होती. आलेखाच्या कागदावर चारही भिंती फूट-इंचांत काढलेल्या, खाली शाळेतल्या फळ्यावर असायचं तसं गोल अक्षर. "उत्तरेची भिंत प्रथम घ्यावी, ओल तिथे आहे." "जमिनीवर आधी प्लास्टिक, मग थर्माकोल, मग फळ्या." शेवटच्या पानावर कामांची यादी होती आणि त्यात एक ओळ: "कडी – तो बघणार आहे."

मी दोन आठवड्यांची रजा काढली आणि पत्र्याचं दार सगळ्यात आधी उतरवलं. ते कौन्सिलच्या कचरा डेपोवर नेऊन टाकताना मागे वळून पाहिलं नाही. दाराच्या जागी लाकडी चौकटीची भिंत उभी केली आणि त्यात एक साधं दार बसवलं. त्या दाराला कडी, कुलूप, लॅच काहीच लावलं नाही. ढकललं की उघडणारं दार. बायको म्हणाली, चोर येतील. मी म्हटलं, येऊ देत.

मग उत्तरेची भिंत. विटांना डांबरी लेप, त्यावर दीड-दोन फुटांवर उभ्या लाकडी पट्ट्या. दोन पट्ट्यांमध्ये पिवळी ग्लासवूल भरायची. ती कापायला स्वयंपाकघरातली पाव कापायची सुरी सगळ्यात उत्तम, हे मला अनुभवाने कळलं. तोंडाला मास्क, हातात मोजे, तरी तिचे बारीक तंतू मनगटावर, मानेवर जाऊन चावायचे. रात्री अंघोळ केली तरी खाज जात नसे. मला त्या खाजेचा राग यायचा नाही. वाटायचं, होऊ दे.

मी काही सुतार नव्हतो. अण्णांनी लहानपणी मला रंधा धरायला शिकवला होता, पण मी डॉक्टर होणार हे ठरल्यावर त्यांनीच तो काढून घेतला होता, बोटं जपायची म्हणून. त्यामुळे माझे खिळे वाकायचे, पट्ट्या तिरक्या जायच्या. त्यांचा गुण्या लावून मी प्रत्येक पट्टी दोनदा तपासायचो आणि चुकलेली काढून पुन्हा मारायचो. दोन आठवड्यांची रजा संपली, मग शनिवार-रविवार सुरू झाले. एकही रविवार मी चुकवला नाही.

तीन भिंती भरून झाल्यावर एक गोष्ट जाणवायला लागली. खोलीतला आवाज बदलत होता. आधी हातोड्याचा ठोका विटांवर आपटून खणखणीत परत यायचा. आता तो ग्लासवूलमध्ये शिरायचा आणि तिथेच राहायचा. चौथी भिंत शेजारणीच्या बाजूची. तिच्यात शेवटचा तुकडा दाबून बसवला आणि प्लास्टरबोर्ड उभा केला तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज गेला, पक्षी गेले. मी स्टुलावर उभा होतो, तोंडात खिळे धरलेले. माझ्या मनात आलं, आत ऊब राहावी म्हणून मी जे जे केलं, त्याने आतला आवाजही आतच राहणार. त्या दिवशी भिंती अशा असत्या तर शेजारणीला काहीच ऐकू गेलं नसतं. मी खाली उतरलो, ते दार ढकलून बाहेर आलो आणि हिरवळीवर बसून राहिलो.

नोव्हेंबरात खोली पूर्ण झाली. बाहेर दवाचा बर्फ झालेला आणि आत नव्या प्लगला लावलेल्या एका लहान इलेक्ट्रिक हीटरवर शर्टाच्या बाह्या वर करून उभं राहता येत होतं. अण्णांची हत्यारं मी भिंतीवर लावली. टेबल त्यांचंच ठेवलं.

पुढच्या शनिवारी दुपारी दार हलकेच ढकललं गेलं. शेजारच्या बाई. हातात ॲपल क्रंबलचं, म्हणजे सफरचंदं भाजून केलेल्या गोडाचं भांडं, वर कापड झाकलेलं. जवळजवळ वर्षभरात त्या पहिल्यांदाच आमच्या आवारात आल्या होत्या.

"फार छान झालंय," त्या म्हणाल्या. भांडं टेबलावर ठेवलं, भिंतीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक विचित्र विनंती आहे. मी माझ्या किचनमध्ये जाते. मी गेल्यावर तुम्ही इथे ठोकाल का? त्यांच्या हातोड्याने?"

"कशासाठी?"

"ऐकू येतं का ते मला बघायचंय. प्लीज."

त्या गेल्या. मी अण्णांचा हातोडा उतरवला. दार ओढून घेतलं आणि टेबलावर ठोकायला सुरुवात केली. आधी कसेही, काम करणाऱ्या माणसासारखे. मग हात आपोआप तीनवर आला. तीन, थांबणं. तीन, थांबणं. किती वेळ, सांगता येत नाही. खांदा भरून आला तरी मी थांबलो नाही. ती मी अण्णांना दिलेली उत्तरं होती की मीच हाका मारत होतो, मला कळत नव्हतं. बाई परत आल्या नाहीत.

शेवटी मी त्यांच्या मागच्या दाराशी गेलो. दार उघडंच होतं. त्या सिंकपाशी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. नळ सोडलेला, रेडिओ लावलेला.

"काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. नळ बंद केला, रेडिओ तसाच राहिला. "त्या दिवशी आलं होतं."

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो.

"मी इथेच भांडी घासत होते. सकाळपासून डोकं दुखत होतं. ते ठोकत होते, थांबतच नव्हते. मला राग आला, आणि मी रेडिओ मोठा केला." त्यांनी ओले हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. "नंतर ते वेगळं झालं. तीन-तीन. मला वाटलं, आज काहीतरी नवीन बनवताहेत. मी मोजलेसुद्धा. समजतंय का तुम्हाला? मी मोजले, आणि तरी गेले नाही."

वर्षभर मी या क्षणाची कल्पना करत आलो होतो. कल्पनेत मी दर वेळी काहीतरी भयंकर बोलायचो. प्रत्यक्षात मी रेडिओ बंद केला आणि म्हणालो, "त्यांना माहीत होतं."

त्या वळल्या.

"हॉस्पिटलमध्ये म्हणाले मला. मी रोजच ठोकतो, बाईंना कसं कळणार, असं म्हणाले. तुम्हाला सांगू नको म्हणाले, तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून."

"राग नव्हता त्यांना?"

"नव्हता."

"आणि तुम्हाला?"

मी त्यांना कडीबद्दल सांगितलं. ऑक्टोबरपासूनचे रविवार, वायर, सगळं. बायकोलाही मी इतक्या स्पष्ट शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी मध्ये एकदाही "तुमची काही चूक नाही" असं म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. ऐकून झाल्यावर त्यांनी किटली लावली. आम्ही दोघं त्या किचनमध्ये अंधार पडेपर्यंत बसलो. मी ते भांडं घेऊन घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "क्रंबल गार झालं." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने ते पुन्हा ओव्हनमध्ये ठेवलं.

त्या आठवड्यात मी चौथ्या भिंतीचा बोर्ड सोडवला, ग्लासवूल काढली, विटा फोडल्या आणि त्यांच्या किचनच्या समोर एक खिडकी बसवली. दुहेरी काचेची असली तरी तिच्यातून ऊब जाते. जाऊ दे म्हटलं. सुट्टीच्या दिवशी मी आत दिवा लावला की त्या पलीकडून हात करायच्या. मी दिसलो नाही तर फोन यायचा, "तुम्ही ठीक आहात ना?" मी हळूहळू पाट करायला शिकलो. पहिले दोन डगमगत होते.

ठोके थांबले असं मी म्हणणार नाही. पुढची दोन-तीन वर्षं ते येत राहिले, मग महिनोन्महिने यायचे नाहीत, मग एखाद्या दिवशी नेमके बिस्किटाचा पुडा उघडताना. हाडांच्या लिस्टवर मात्र मी पुन्हा कधीच गेलो नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शेजारच्या बाईंना विसर पडायला लागला. गॅस चालू राहायचा. त्यांच्या मुलीने त्यांना स्लाऊच्या बाजूला एका केअर होममध्ये ठेवलं. मी महिन्यातून एकदा जायचो. आधी मला ओळखायच्या, मग ओळखल्यासारखं करायच्या.

शेवटच्या भेटींपैकी एकीत त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बाहेर कार पार्क. बराच वेळ कान देऊन ऐकल्यासारखं करून त्या म्हणाल्या, "आज तुमचे वडील काम करत नाहीत वाटतं. फार शांत आहे."

मी भूल देताना पेशंटशी बोलतो त्या आवाजात म्हणालो, "करताहेत. आता भिंती जाड केल्यात ना, म्हणून इकडे आवाज येत नाही."

"गारठत नाहीत ना ते?"

"नाही. चांगलं गरम आहे आत."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातली चॉकलेटं बघून विचारलं, ती त्यांच्यासाठी आणलीत का. मी डबा उघडून दिला. त्यांनी निवडून एक घेतलं, कागद माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा कार पार्ककडे बघत बसल्या.